वॉर्डातील इन्सुलिन: इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या रुग्णाची रुग्णालयातील देखभाल

ज्या माणसाचे स्वादुपिंड इन्सुलिन बनवत नाही, त्याला बाहेरून इन्सुलिन मिळाले नाही तर रक्तातील साखर वाढते, हे सर्वांना ठाऊक असते. त्याहून गंभीर गोष्ट त्याच वेळी यकृतात घडत असते. इन्सुलिनचा लगाम सुटला की शरीरातील चरबी भराभर वितळू लागते, तिच्यापासून यकृत कीटोन तयार करते, रक्तातील आम्लता वाढत जाते आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. १९२२ पूर्वी हा आजार जडलेली मुले अशीच जात. त्या वर्षीच्या जानेवारीत टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला प्राण्याच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन टोचण्यात आले आणि हे चित्र बदलले. त्यानंतर एक मूलभूत नियम मात्र तसाच राहिला आहे: अशा रुग्णाच्या शरीरात चोवीस तासांत एकही वेळ अशी येता कामा नये, की इन्सुलिन अजिबातच नाही. तो जेवो अथवा उपाशी असो, शस्त्रक्रियेच्या टेबलावर असो वा उलट्या करत असो, हा नियम लागू राहतो. रुग्णालयात होणाऱ्या बहुतेक घोटाळ्यांचे मूळ या नियमाच्या विस्मरणात सापडते.

इन्सुलिनवर अवलंबून असणाऱ्यांत प्रकार १ च्या मधुमेहाचे रुग्ण प्रमुख. त्यांच्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी शरीराच्याच रोगप्रतिकारक यंत्रणेने नष्ट केलेल्या असतात. पण ते एकटेच नसतात. स्वादुपिंडाला वारंवार सूज येऊन ते निकामी झालेले, ते शस्त्रक्रियेने काढून टाकलेले आणि प्रकार २ चा मधुमेह पंधरा-वीस वर्षे अंगावर असल्याने ज्यांचे स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ संपले आहे, असे रुग्णही याच गटात येतात. शेवटचा गट सर्वांत फसवा. वय साठीचे, अंगाने भरलेले, पूर्वी गोळ्यांवर असलेले, म्हणून त्यांना सरसकट प्रकार २ च्या रांगेत बसवले जाते आणि ‘दोन दिवस इन्सुलिन नसले तरी चालेल’ असे मानले जाते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेही सुमारे १०.१ कोटी आहेत. त्यांतील बहुसंख्य प्रकार २ चे असल्याने वॉर्डातल्या डॉक्टरांचा आणि सिस्टरांचा हात त्याच रुग्णांवर बसलेला असतो. प्रकार १ चा रुग्ण अधूनमधून येतो आणि प्रकार २ ची सवय त्याला लावली जाते.

दाखल होताना

केस पेपरवर नुसते ‘डायबेटिस’ लिहून पुढे जाणे ही पहिली चूक. कोणता प्रकार, किती वर्षांपासून, कोणते इन्सुलिन, किती युनिट, दिवसातून किती वेळा आणि शेवटचे इंजेक्शन कधी घेतले, एवढे दाखल होतानाच नोंदवायला हवे. तोंडी उत्तरावर विसंबू नये. ‘सकाळी वीस, संध्याकाळी बारा’ एवढे रुग्णाला पाठ असते, पण बाटलीवरचे नाव सांगता येतेच असे नाही. नातेवाइकाला बाटली, पेन आणि सिरिंज घेऊन यायला सांगावे आणि त्या वस्तू स्वतः पाहाव्यात. पोटावर आणि मांडीवर इंजेक्शनच्या जागाही हाताने चाचपाव्यात. वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी टोचल्याने तिथे चरबीच्या गाठी झालेल्या असतात आणि गाठीत टोचलेले इन्सुलिन नीट शोषले जात नाही. घरी चाळीस युनिट घेऊनही साखर न उतरणाऱ्या माणसाला वॉर्डात चांगल्या जागी तेच चाळीस युनिट दिले, तर साखर धोक्याइतकी खाली येऊ शकते.

गेल्या तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीए१सी चाचणी दाखल होतानाच करावी, असा सर्वत्र सल्ला असतो. महाराष्ट्रात तो जपून वापरावा लागतो. रक्तक्षय, नुकतेच दिलेले रक्त आणि सिकलसेल यांमुळे या चाचणीचा आकडा फसतो. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. तिथे हा आकडा ‘चांगला’ आला म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. ग्लुकोमीटरलाही मर्यादा आहेत. रक्तदाब कोसळलेल्या, हातपाय गार पडलेल्या किंवा फार रक्तक्षय असलेल्या रुग्णाच्या बोटाच्या रक्ताचा आकडा चुकू शकतो. अशा वेळी शिरेतले रक्त प्रयोगशाळेत पाठवावे.

भारतातली एक अडचण परदेशी पाठ्यपुस्तकांत फारशी सापडत नाही, म्हणून तिच्याकडे नीट पाहायला हवे. इथे इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळते. स्वस्त आणि सर्वत्र वापरली जाणारी बाटली बहुधा ४० युनिट प्रति मिलिलिटर तीव्रतेची असते. पेनमधील काडतूस आणि काही नव्या इन्सुलिनच्या बाटल्या १०० युनिट प्रति मिलिलिटरच्या. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: चाळिसाच्या सिरिंजला लाल टोपण, शंभराच्या सिरिंजला नारिंगी. आता रात्रपाळीतला प्रसंग असा असतो. रुग्णाच्या पेनची सुई संपलेली असते. ट्रॉलीत लाल टोपणाची सिरिंज असते. कोणीतरी पेनच्या काडतुसातून त्या सिरिंजमध्ये ‘वीस’च्या खुणेपर्यंत इन्सुलिन ओढते. सिरिंजवर वीस दिसते, पण ते अर्धा मिलिलिटर भरते आणि त्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये पन्नास युनिट असतात. रुग्णाला अडीचपट डोस मिळतो. उलट गल्लत झाली, म्हणजे चाळिसाचे इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसपर्यंत ओढले, तर रुग्णाला आठच युनिट मिळतात आणि सकाळी साखर का वाढली याचे कोडे कुणाला सुटत नाही. त्यामुळे पेनमधून सिरिंजने इन्सुलिन ओढायचे नाही आणि बाटली व सिरिंज यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय टोचायचे नाही, हे दोन नियम प्रत्येक वॉर्डात भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचे आहेत. डोस लिहिताना ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा. त्याचे इंग्रजी आद्याक्षर घाईत शून्यासारखे दिसते आणि दहाचे शंभर होतात. असे अपघात जगभर नोंदले गेले आहेत.

रुग्णालयात साखर का बिघडते

घरी ताळ्यावर असलेली साखर दाखल झाल्यावर उसळते, याचे कारण बहुतेक वेळा आजारातच असते. जंतुसंसर्ग, हृदयविकाराचा झटका, हाड मोडणे, शस्त्रक्रिया अशा प्रत्येक आघातात शरीर कॉर्टिसॉल, अॅड्रेनलिन, ग्लुकागॉन ही संप्रेरके सोडते आणि ती सारी इन्सुलिनच्या विरुद्ध काम करतात. त्यामुळे आजारी माणसाला, तो कमी खात असला तरी, नेहमीपेक्षा जास्त इन्सुलिन लागू शकते. त्यात स्टिरॉइड सुरू झाले, सलाईनमधून डेक्स्ट्रोज गेले, हालचाल थांबली की भर पडते. उलट बाजूने भूक मंदावणे, उलट्या, तपासणीसाठी उपाशी ठेवणे, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडणे यांमुळे साखर एकाएकी घसरते. मूत्रपिंड मंद झाले की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते आणि कालचाच डोस आज जास्त ठरतो. एकाच रुग्णात दोन्ही दिशांची ओढ एकाच दिवशी असू शकते, म्हणून रुग्णालयातला डोस रोज नव्याने ठरवावा लागतो.

साखर किती ठेवावी

या प्रश्नाने अतिदक्षता विभागांना बरीच वर्षे झुलवले. २००१ मध्ये बेल्जियममधील ल्युव्हेन येथे ग्रेटा व्हान डेन बर्ग यांनी शस्त्रक्रिया झालेल्या १,५४८ रुग्णांवर अभ्यास केला. ज्यांची साखर ८० ते ११० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर अशी काटेकोर ठेवली, त्यांच्यातील अतिदक्षता विभागातील मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. जगभर ‘साखर घट्ट बांधा’ची लाट आली. पण २००९ मध्ये नाइस-शुगर या अभ्यासाने ६,१०४ रुग्णांचे निष्कर्ष मांडले आणि चित्र उलटले. काटेकोर गटात नव्वद दिवसांतील मृत्यू २७.५ टक्के होते, तर १८० पर्यंत साखर चालवून घेतलेल्या गटात २४.९ टक्के. साखर ४० किंवा त्याखाली जाण्याचे प्रमाण काटेकोर गटात ६.८ टक्के, दुसऱ्यात केवळ ०.५ टक्का. तेव्हापासून सर्वसाधारण मत स्थिरावले आहे: साखर १८० च्या वर टिकून राहू लागली की इन्सुलिनने आवरावी, अतिदक्षता विभागात १४० ते १८० आणि साध्या वॉर्डात साधारण १०० ते १८० ठेवावी. अतिवृद्ध, एकटे राहणारे किंवा आयुष्याच्या अखेरीस आलेले रुग्ण असतील तर त्याहून सैल. या अभ्यासांतले बहुसंख्य रुग्ण प्रकार १ चे नव्हते, हे मात्र विसरू नये. प्रकार १ च्या रुग्णात साखरेचे हेलकावे मोठे असतात आणि आकडा गाठण्यापेक्षा दोन्ही टोके टाळणे अधिक मोलाचे असते.

स्लायडिंग स्केलची सवय

वॉर्डात सर्वाधिक दिसणारी आणि सर्वाधिक नुकसान करणारी पद्धत म्हणजे नुसते स्लायडिंग स्केल. साखर १५० च्या आत असेल तर काही नाही, २०० पर्यंत चार युनिट, २५० पर्यंत सहा, ३०० पर्यंत आठ, असा तक्ता केस पेपरवर लिहिला जातो आणि दर सहा तासांनी साखर पाहून प्लेन, म्हणजे थोडाच वेळ काम करणारे साधे इन्सुलिन टोचले जाते. लिहायला सोपे, पाळायला सोपे, म्हणून ते टिकून आहे. दोष त्याच्या रचनेतच आहे: साखर वाढून झाल्यावर ते धावते, वाढू नये म्हणून काहीच करत नाही. प्रकार १ च्या रुग्णाचे उदाहरण घ्या. रात्री दहाला साखर १३०. तक्त्यानुसार इन्सुलिन शून्य. संध्याकाळच्या प्लेन इन्सुलिनचा अंमल मध्यरात्रीपर्यंत ओसरतो. पुढचे काही तास शरीरात इन्सुलिनच नसते. पहाटे साखर ३५० वर, तोंड कोरडे, मळमळ, कीटोन सुरू. सकाळच्या राऊंडला ‘स्केल वाढवा’ असा शेरा पडतो. मग दुपारी मोठा डोस, जेवण अर्धवट आणि चार वाजता साखर ५५. तक्ता अक्षरशः पाळला गेला असतो आणि तरीही रुग्णाची फरफट झालेली असते.

याला पर्याय बेसल-बोलस पद्धतीचा. तिच्यात तीन भाग असतात. पायाचे म्हणजे बेसल इन्सुलिन, जे चोवीस तास संथपणे काम करते आणि खाण्याशी ज्याचा संबंध नसतो. जेवणाचे इन्सुलिन, जे घासांसाठी असते. आणि दुरुस्तीचे, जे आधीच वाढलेली साखर खाली आणते. स्लायडिंग स्केल म्हणजे यातला फक्त तिसरा भाग. २००७ मध्ये अमेरिकेत गिलेर्मो उम्पिएरेझ यांच्या गटाने रॅबिट-२ अभ्यासात दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या. बेसल-बोलस गटातील ६६ टक्के रुग्णांची साखर १४० च्या खाली आली, स्लायडिंग स्केल गटातील ३८ टक्क्यांचीच. शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील २०११ च्या पुढील अभ्यासात जखम चिघळणे, न्यूमोनिया यांसारख्या गुंतागुंती एकत्र धरता २४.३ टक्क्यांवरून ८.६ टक्क्यांवर आल्या. हे दोन्ही अभ्यास प्रकार २ च्या रुग्णांवरचे. ज्यांच्याकडे स्वतःचे थोडेफार इन्सुलिन होते त्यांनाही स्लायडिंग स्केल पुरले नाही, तर ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना ते पुरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

हिशेब अवघड नाही. साठ किलो वजनाच्या, मूत्रपिंड ठीक असलेल्या प्रकार १ च्या रुग्णाचा घरचा डोस कळत नसेल तर किलोमागे ०.४ युनिट धरून दिवसाचे २४ युनिट होतात. निम्मे, म्हणजे १२ युनिट, ग्लार्जिनसारखे लांब पल्ल्याचे इन्सुलिन रोज ठरल्या वेळी. उरलेले १२ तीन जेवणांत चार-चार. दुरुस्तीसाठी १८०० ला दिवसाच्या एकूण डोसने भागावे: १८०० भागिले २४, उत्तर ७५. म्हणजे एक युनिट साखर सुमारे ७५ ने उतरवेल. दुपारच्या जेवणाआधी साखर २९० असेल आणि ती १४० वर आणायची असेल, तर दोन युनिट जास्तीचे; जेवणाच्या चारसह सहा. वृद्ध, कृश किंवा मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णात सुरुवात किलोमागे ०.२ ते ०.३ युनिटने करावी. घरचा डोस माहीत असेल आणि साखर ताब्यात असेल तर तोच आधार धरावा. ग्लार्जिन परवडत नसेल किंवा स्टॉकमध्ये नसेल तर मध्यम पल्ल्याचे एनपीएच इन्सुलिन दिवसातून दोनदा देऊन पाया सांभाळता येतो. तीस-सत्तर मिश्रणाचे इन्सुलिन घरी सोयीचे असले तरी रुग्णालयात अडचणीचे ठरते, कारण जेवण चुकले की त्यातला जेवणाचा भाग वेगळा काढून ठेवता येत नाही.

यातला नाजूक धागा जेवणाच्या वेळेचा आहे. प्लेन इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी द्यावे लागते. प्रत्यक्षात सिस्टर साडेबाराला इन्सुलिन देते, स्वयंपाकघरातली गाडी दीडला येते, किंवा घरून येणारा डबा लोकलच्या गर्दीत अडकतो. रुग्ण थरथरू लागतो. उलटही होते: सव्वाबाराला कुणी आणलेली साबुदाण्याची खिचडी खाऊन होते, मग साखर तपासली जाते, ती ३१० दिसते आणि दुरुस्तीचा मोठा डोस पडतो. साखर तपासणे, इन्सुलिन देणे आणि ताट समोर येणे या तिन्ही गोष्टी अर्ध्या तासाच्या आत एकाच ओळीत घडायला हव्यात. रुग्ण किती जेवेल याचा भरवसा नसेल तर लिस्प्रो, अस्पार्टसारखे झटपट काम करणारे इन्सुलिन जेवण संपताच, खाल्ल्याच्या प्रमाणात द्यावे. दुरुस्तीचे डोस चार तासांच्या आत पुन्हा देऊ नयेत. आधीचे इन्सुलिन अजून काम करत असते आणि डोसावर डोस चढतो.

साखर उतरली तर

साखर ७० च्या खाली गेली की उपचार करायचा, ५४ च्या खाली ती गंभीर समजायची. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चमचे ग्लुकोज पावडर, पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. चॉकलेट, पेढा किंवा दूध यांवर विसंबू नये. त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज द्यावे. इथे मिळणाऱ्या २५ मिलिलिटरच्या एका अॅम्प्युलमध्ये सव्वासहा ग्रॅमच ग्लुकोज असते, म्हणून एक अॅम्प्युल देऊन समाधान मानू नये. पंचवीस ग्रॅमसाठी चार लागतात. शीर सापडत नसेल तर ग्लुकागॉन एक मिलिग्रॅम स्नायूत.

त्यानंतरची चूक अधिक घातक असते. साखर उतरली म्हणून पुढचे सगळे इन्सुलिन ‘होल्ड’ केले जाते आणि बारा तासांत रुग्ण कीटोनांच्या तावडीत जातो. साखर का उतरली ते शोधावे, डोस कमी करावा, पण प्रकार १ च्या रुग्णाचे बेसल इन्सुलिन बंद करू नये. अनेक वर्षे मधुमेह असलेल्यांना साखर उतरल्याची धडधड, घाम, थरथर जाणवतच नाही. बीटा-ब्लॉकर गोळ्यांनीही ही लक्षणे झाकली जातात. अशांच्या बाबतीत पहाटे तीनच्या सुमारास एकदा बोट टोचणे ही झोपमोड सार्थ असते.

कीटोअॅसिडोसिस

कीटोनांमुळे रक्त आम्लधर्मी झाल्याची लक्षणे अशी: उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, कोरडी जीभ, सुस्ती. पोटदुखीमुळे रुग्ण शल्यचिकित्सकाकडे जातो, श्वासामुळे दमा किंवा न्यूमोनिया समजला जातो. लहान मुलात तर मधुमेहाची पहिली ओळखच कित्येकदा अशी होते. अशा प्रत्येक रुग्णाची साखर पाहायला एक स्ट्रिप पुरते. निदान रक्तातील कीटोन, पीएच आणि बायकार्बोनेट यांवरून होते. लघवीच्या पट्टीने कीटोन कळतात, पण मुख्य कीटोन त्या पट्टीला दिसत नाही आणि रुग्ण सुधारत असतानाही पट्टी गडदच राहू शकते. ग्रामीण रुग्णालयात तीच हाताशी असेल तर हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी.

उपचाराचा क्रम ठरलेला आहे. आधी पाणी: प्रौढ रुग्णात काही लिटरची तूट झालेली असते, म्हणून पहिल्या तासात साधारण एक लिटर नॉर्मल सलाईन, हृदय व मूत्रपिंड पाहून. मग पोटॅशियम. रक्तातला आकडा नॉर्मल दिसला तरी शरीरातला साठा रिकामा झालेला असतो आणि इन्सुलिन सुरू होताच उरलेले पोटॅशियम पेशींत शिरते. ते ३.५ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम द्यावे, इन्सुलिन नंतर. अन्यथा हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू येऊ शकतो. त्यानंतर तासाला किलोमागे ०.१ युनिट या वेगाने शिरेतून प्लेन इन्सुलिन. सोयीसाठी ५० मिलिलिटर सलाईनमध्ये ५० युनिट घालून सिरिंज पंपावर लावतात, म्हणजे एक मिलिलिटरला एक युनिट पडते. इन्सुलिन प्लास्टिकच्या नळीला चिकटते, म्हणून सुरुवातीचे वीसेक मिलिलिटर नळीतून वाहून जाऊ द्यावेत.

चार-सहा तासांत साखर २५० च्या खाली येते आणि इथेच बहुतेक ठिकाणी घसरण होते. साखर उतरली म्हणून पंप बंद केला जातो. रक्त अजून आम्लधर्मीच असते. अशा वेळी इन्सुलिन चालू ठेवून सलाईनच्या जोडीला डेक्स्ट्रोज सुरू करायचे असते; उपचाराचा शेवट कीटोन आणि आम्लता ठरवतात, साखर नव्हे. शिरेतल्या इन्सुलिनचा अंमल काही मिनिटांत संपतो. त्यामुळे रुग्ण जेवू लागल्यावर आधी त्वचेखाली बेसल इन्सुलिन द्यायचे आणि त्यानंतर एक-दोन तासांनी पंप थांबवायचा. एवढे न पाळल्याने बरे झालेले रुग्ण त्याच रात्री पुन्हा अतिदक्षता विभागात आलेले आहेत. मुलांमध्ये मेंदूला सूज येण्याचा धोका असल्याने पाणी मोजून आणि सावकाश द्यावे लागते, इन्सुलिनचा सुरुवातीचा मोठा डोस टाळावा लागतो.

शस्त्रक्रिया, स्टिरॉइड, बाळंतपण

नियोजित शस्त्रक्रियेसाठी अशा रुग्णाचे नाव सकाळच्या यादीत पहिले असावे. उपाशी राहण्याचा काळ त्यामुळे कमी होतो. आदल्या रात्रीच्या बेसल इन्सुलिनचा साधारण तीन-चतुर्थांश ते ऐंशी टक्के डोस द्यावा, जेवणाचे इन्सुलिन थांबवावे आणि दर तासाला साखर पाहावी. शस्त्रक्रिया मोठी असेल किंवा दुसरे जेवणही चुकणार असेल तर शिरेतून इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज सोबत चालवावे. जिथे सिरिंज पंप नाही, तिथे १९७९ मध्ये अल्बर्टी आणि थॉमस यांनी सुचवलेली पद्धत आजही कामी येते: ५०० मिलिलिटर १० टक्के डेक्स्ट्रोजच्या एकाच बाटलीत इन्सुलिन आणि पोटॅशियम. बाटली बंद पडली तर तिन्ही एकदमच बंद होतात, ही तिच्यातली सुरक्षितता.

सकाळी घेतलेल्या प्रेड्निसोलोनने साखर दुपारनंतर चढते आणि पहाटेपर्यंत उतरते. फक्त उपाशीपोटीची साखर पाहणाऱ्याला ती चढण दिसतच नाही. सकाळी स्टिरॉइडबरोबर एनपीएच दिल्यास दोघांचा अंमल जुळतो. स्टिरॉइड कमी करताना इन्सुलिनही त्याच दिवशी कमी करायला हवे. कोविडच्या काळात डेक्सामेथासोन आणि बेबंद साखर यांचे एकत्र येणे किती महाग पडते, ते २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीने दाखवून दिले. महाराष्ट्र त्यात सर्वाधिक होरपळलेल्या राज्यांपैकी होता. नळीने अन्न दिले जाणाऱ्या रुग्णात नळी निघाली किंवा अन्न थांबले, तर लगेच १० टक्के डेक्स्ट्रोज सुरू करण्याची सूचना आधीच लिहून ठेवावी. बाळंतपणाच्या कळांत साखर सुमारे ७० ते १२५ दरम्यान राखतात आणि वार पडल्याबरोबर इन्सुलिनची गरज झपाट्याने घटते. त्या घटकेला गरोदरपणातला डोस चालू राहिला तर नव्या आईची साखर पहिल्याच रात्री कोसळते.

रुग्णाचे ज्ञान आणि वॉर्डाची शिस्त

इंग्लंडमध्ये २०१० पासून रुग्णालयांतील मधुमेहींची राष्ट्रीय पाहणी केली गेली. सुमारे दर सहा खाटांमागे एका खाटेवर मधुमेही असल्याचे तिच्यात दिसले, औषधपत्रकांत चुका सर्रास आढळल्या आणि प्रकार १ च्या काही रुग्णांना दुसऱ्याच कारणासाठी दाखल असताना रुग्णालयातच कीटोअॅसिडोसिस झाल्याचे समोर आले. या शेवटच्या गोष्टीला क्षम्य म्हणता येत नाही. अशी पाहणी आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि मोठ्या खासगी रुग्णालयांनी स्वतःहून करायला हवी. वॉर्डात तीस-चाळीस रुग्णांमागे एक-दोन सिस्टर असतील तर चार वेळा साखर, चार वेळा इन्सुलिन आणि ताटाची वेळ हे सारे जुळवणे कठीण जाते, हे खरे. म्हणूनच जाणत्या रुग्णाचा हात धरावा लागतो. दहा वर्षे स्वतः इन्सुलिन घेणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या रुग्णाला स्वतःची साखर तपासू द्यावी, डोस ठरवताना त्याला विचारावे, त्याचे पेन कपाटात कुलूपबंद करू नये. दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावलेला असेल तर त्याच्या आलेखाचा उपयोग करावा, मात्र डोस ठरवण्यापूर्वी शंका आल्यास बोटाच्या रक्ताने खात्री करावी. इन्सुलिन पंप वापरणारा रुग्ण बेशुद्ध झाला तर पंप काढण्याआधी इन्सुलिनची दुसरी सोय करावी. पंपात फक्त झटपट इन्सुलिन असते आणि तो निघाल्यापासून काही तासांत शरीरात इन्सुलिन उरत नाही.

बाटल्यांची साठवणही वॉर्डाच्या शिस्तीतच येते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. उघडलेली बाटली थंड जागी साधारण चार आठवडे चालते. तिच्यावर उघडल्याची तारीख लिहिलेली असावी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खिडकीच्या कट्ट्यावर राहिलेली बाटली टाकून देणेच बरे.

घरी जाताना

रुग्णालयातला डोस आजारपणाचा असतो. ताप उतरला, स्टिरॉइड थांबले की तोच डोस घरी जास्त होऊ शकतो, म्हणून डिस्चार्जच्या दिवशी तो नव्याने ठरवून आठवडाभरात पुन्हा तपासणीला बोलवावे. नव्याने इन्सुलिन सुरू झालेल्या रुग्णाने आणि घरातल्या एका माणसाने निघण्यापूर्वी सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने इन्सुलिन भरून आणि टोचून दाखवावे. तोंडी सांगणे पुरत नाही. किमान दोन आठवडे पुरेल इतके इन्सुलिन, योग्य रंगाच्या टोपणाच्या सिरिंज, स्ट्रिप आणि ग्लुकोज पावडर सोबत असल्याशिवाय प्रकार १ च्या रुग्णाला सोडू नये, विशेषतः ज्याच्या गावात औषधाचे दुकान नाही अशाला. आजारपणातला नियम त्याला समजेल अशा मराठीत लिहून द्यावा: उलट्या झाल्या, जेवण गेले नाही, तरी बेसल इन्सुलिन घ्यायचे, पाणी पीत राहायचे, दर तीन-चार तासांनी साखर पाहायची, आणि उलट्या थांबत नसतील किंवा श्वास जोरात चालू लागला तर थेट रुग्णालय गाठायचे. डिस्चार्ज कार्डावर ‘मधुमेह प्रकार १, इन्सुलिन कधीही बंद करू नये’ ही ओळ ठळक अक्षरांत असावी. पुढच्या खेपेस तो कदाचित बेशुद्ध अवस्थेत, दुसऱ्याच तालुक्यातल्या अपघात विभागात आणला जाईल आणि तिथल्या डॉक्टरांच्या हाती तेवढेच कार्ड असेल.